उंदराच्या हातचं

पिक्सारचा 'रॅटाटुई' (२००७) आपल्याकडे मुलांसाठी म्हणून लावला जातो. पॅरिसमधल्या एका नामांकित रेस्टॉरंटात रेमी नावाचा उंदीर लिंग्विनी या धांदरट पोराच्या टोपीत लपतो, त्याचे केस ओढून त्याच्याकडून एकेक पदार्थ करवून घेतो आणि सगळं शहर बोटं चाटत राहतं. रेस्टॉरंटचा संस्थापक, दिवंगत शेफ गुस्तो, सांगून गेलेला असतो की स्वयंपाक कुणालाही जमतो. दिग्दर्शक ब्रॅड बर्डने या वाक्याची गोड गोष्ट केली, असं बहुतेकांना वाटतं. मला ती चांगलीच कडवट वाटते आणि म्हणूनच आवडते. स्वयंपाक कुणाला येतो याचा निकाल पहिल्या अर्ध्या तासातच लागलेला असतो. पुढे सगळा झगडा आहे तो कुणाच्या हातचं चालतं याचा.

रेमी दोन पायांवर चालतो. का, तर ज्या पंजांनी खायचं ते जमिनीवर टेकवायला त्याला नको वाटतं. शेवटी त्याचं सगळं गणगोत मदतीला धावून येतं, तेही आधी भांडी धुण्याच्या मशीनच्या वाफेतून निघतं आणि मगच कामाला लागतं. इतकं सोवळं तिथला एकही माणूस पाळत नाही. तरीही लिंग्विनी खरं सांगून टाकतो तेव्हा आचारी एकामागून एक चालते होतात. कालपर्यंत ज्या पदार्थांवर सगळ्यांचं नाव झालं, ते क्षणात विटाळतात. परत येते ती एकटी कोलेट. पुरुषांच्या त्या भटारखान्यात पाय रोवताना तिनेही कमी सोसलेलं नसतं.

इथे पुणं आठवतंच. २०१७ साली सोवळ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी जात लपवली, अशी फिर्याद तिथे पोलिसांत गेली होती. तक्रार चवीची नव्हती. पानं केव्हाच उठली होती.

चव आणि हात यांतलं एकच निवडायची वेळ सिनेमात येते ती अँटन इगो या खडूस समीक्षकावर. त्याच्यापुढे रॅटाटुई येते. मूळची ही नीसकडची, साध्या घरातली भाज्यांची मिसळ. सिनेमाचा सल्लागार, अमेरिकन शेफ थॉमस केलर याने तिला वांगी, टोमॅटो, झुकिनीच्या कागदासारख्या चकत्यांचं देखणं रूप दिलं. पहिल्या घासाला इगो थेट आईच्या स्वयंपाकघरात पोचतो, हातातलं पेन गळून पडतं. हा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मोठा वाटतो तो त्यानंतरचा. शेफला भेटायचं तर बाकीची गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबा, असं त्याला सांगितलं जातं. तो थांबतो. उंदीर समोर आणल्यावर आधी त्याला थट्टा वाटते, मग हसू मावळतं. एखाददुसरा प्रश्न विचारतो, जेवणाबद्दल आभार मानतो आणि निघून जातो. दुसऱ्या दिवशी त्याने रेमीला फ्रान्समधला सर्वोत्तम शेफ ठरवलेलं असतं. या प्रामाणिकपणापायी पुढे त्याची नोकरी आणि पत दोन्ही जातात.

माझी कुरकुर आहे ती त्या 'सर्वोत्तम'बद्दल. लिंग्विनीला साधं सूप धड येत नाही, पण तो गुस्तोचा मुलगा निघतो आणि आख्खं रेस्टॉरंट त्याच्या नावावर होतं. उंदराला मात्र नुसतं उभं राहू द्यायचं तर त्याने देशात पहिलं यावं लागतं. मग रेमीचा भाऊ एमिल, मिळेल ते चघळणारा, सर्वसाधारण वकुबाचा, त्याने कुठे जायचं?

आरोग्य खातं गुस्तोच्या दाराला टाळं लावतं. मग इगोच्या पैशावर एक छोटं बिस्त्रो उघडतं. तिथे खाली माणसं जेवतात आणि वर आढ्याजवळ उंदरांची वेगळी पंगत बसते. बर्डने ती गंमत म्हणून रंगवली आहे. वेगळ्या पंगतींचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी माणसाला ती जरा टोचते. एमिल मात्र वर निवांत बसलेला असतो आणि तिथे त्याला कुणी काही सिद्ध करायला सांगत नाही.