कारभाऱ्याचे तास

शास्त्रपाठ : उत्पत्ति ३१:३८-४२, मत्तय २०:१-१६



द्राक्षमळ्याच्या दृष्टांतावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली आहेत. पहाटे आलेला मजूर, दिवस मावळताना आलेला मजूर आणि दोघांच्या हातावर पडलेला एकच दीनार, हे चित्र शब्बाथशाळेतल्या लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु त्या दृष्टांतात आणखी एक माणूस आहे, त्याच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. आठव्या वचनात मळ्याचा धनी आपल्या कारभाऱ्याला बोलावतो व मजुरांची मजुरी चुकती करण्यास सांगतो. हा कारभारी मळ्यात केव्हा आला? सर्वांचा हिशेब मिटवून घरी केव्हा गेला? त्याच्या पदरी काय पडले? शास्त्र ह्याविषयी काही सांगत नाही. पण इतरांचे तास मोजणाऱ्याचे तास कोणी मोजावेत, हा प्रश्न आज आपल्या कितीतरी घरांत उभा आहे, म्हणून त्यावर आपण विचार करू या.

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके घ्या. पेडण्यात हरमल, मांद्रे, मोरजी ह्या किनाऱ्यांवर पर्यटक आले आणि ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथून विमाने उडू लागली. डिचोलीत २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले तेव्हा पुन्हा थांबल्या. ट्रकवर व यंत्रावर पोट भरणाऱ्या अनेकांना दुसरे काम शोधावे लागले. जुन्या भुसारी दुकानांच्या शेजारी आता मोठी किराणा दुकाने आली आहेत. त्यांत काम करायला गावचे तरुण येतात, तसे सीमेपलीकडच्या दोडामार्ग, बांदा, सातार्डा ह्या बाजूंनीही येतात.

अशा दुकानात चारपाच वर्षे इमानाने काम केलेल्या माणसाला एक दिवस मालक बोलावतो आणि म्हणतो, ‘उद्यापासून तू सुपरवायझर. आता तुला तासांवर किंवा रोजावर नाही, महिन्याचा पगार.’ घरी पेढे वाटले जातात. आईला वाटते, मुलाचे बस्तान बसले. पण सकाळी दार उघडायचे ते त्यानेच आणि रात्री गल्ला मोजून कुलूप लावायचे तेही त्यानेच. माल उतरवायला माणूस कमी पडला तर तांदळाची पोती तोच उचलतो. पुरुमेंताचा मे महिना, चतुर्थीच्या आधीची माटोळीची गर्दी आणि नाताळचे दिवस ह्यांत घड्याळाकडे पाहण्याची सोय नसते. दुकान दुपारी बंद राहते, पण ज्याचे घर लांब आहे त्याला ती विश्रांती दुकानाच्या मागच्या पोत्यांवरच घ्यावी लागते. कागदावर आठ तास भरतात, घरातून मात्र बारातेरा तास जातात. जादा वेळेविषयी विचारले तर उत्तर मिळते, ‘तू आता पगारदार आहेस.’

आपण साधा हिशेब करून पाहू. समजा, मदतनिसाला तासाला ७० रुपये मिळतात आणि सुपरवायझरला महिन्याला १८,५०० रुपये. सुपरवायझर रोज आठ तास, महिन्याचे २६ दिवस राबला तर त्याच्या तासाला सुमारे ८९ रुपये पडतात. तोच रोज अकरा तास राबला तर सुमारे ६५. म्हणजे ज्याच्या कामावर त्याने देखरेख करायची, त्याच्यापेक्षाही त्याचा तास स्वस्त झाला! हुद्दा वाढला आणि मोल उतरले.

शास्त्रात असा एक सुपरवायझर आहे. त्याचे नाव याकोब. लाबानाच्या कळपांची सारी देखरेख त्याच्याकडे होती. वीस वर्षांनंतर तो आपले मन मोकळे करतो तेव्हा काय सांगतो ते उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात लक्षपूर्वक वाचा. दिवसा उन्हाने आणि रात्री थंडीने तो झिजला, झोप त्याच्या डोळ्यांवरून उडाली. श्वापदाने फाडलेल्या जनावराची भरपाई त्यालाच करावी लागली आणि चोरी झाली तर तीही त्याच्याच माथी मारली गेली. दहा वेळा त्याचे वेतन बदलण्यात आले. आज मालाच्या साठ्यात तूट आली की ती सुपरवायझरच्या पगारातून कापली जाते, त्याला ही कहाणी जुनी वाटेल काय? आणि ह्या तक्रारीचा शेवट पाहा. याकोब म्हणतो की देवाने आपले कष्ट पाहिले. लाबानाने ज्या रात्री मोजल्या नव्हत्या, त्या देवाने मोजल्या होत्या.

मग मासिक पगार वाईट आणि तासांची मजुरी चांगली, असे म्हणावे काय? तसे नाही. तासांवर काम करणाऱ्याला पावसाळ्यात किनाऱ्यावरची गिऱ्हाइके आटली की ‘उद्या येऊ नको’ असे ऐकावे लागते. तापाने पडला की चूलही थंडावते. पगारदाराच्या घरी महिन्याच्या शेवटी ठरलेली रक्कम येते, त्यावर मुलांची फी आणि बँकेचा हप्ता विसंबून असतो. हा स्थिरपणा मोठा आशीर्वाद आहे. दोन्ही रीतींत न्यायाने वागता येते आणि दोन्हींत अन्यायही करता येतो. दोष रीतीत नाही. पगार बांधून दिला म्हणजे माणसाचा सारा दिवस विकत घेतला, ह्या समजुतीत दोष आहे.

येथे काहीजण मत्तयाचा विसावा अध्यायच पुढे करतील. ‘प्रभूने तरी तास कुठे मोजले? मजुराने कुरकुर करू नये, हाच तो धडा नव्हे काय?’ पण दृष्टांत नीट पाहा. धन्याने एक तासाच्या कामाबद्दल पूर्ण दिवसाची मजुरी दिली. पूर्ण दिवस राबलेल्याचे त्याने काहीही बुडविले नाही, ठरले होते तेवढे दिले. हिशेबापेक्षा अधिक देणे ही कृपा होय. हिशेबापेक्षा अधिक काम घेणे ह्याला शास्त्रात कोठेही कृपा म्हटलेले नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडकवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी पोहोचतो. लेवीय १९:१३ मध्ये तर मजुराची मजुरी एक रात्रही अडवून ठेवण्यास मनाई आहे.

देशाचा कायदाही ह्या बाबतीत मुका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहिता, २०१९ प्रमाणे किमान वेतन तासाने, दिवसाने किंवा महिन्याने ठरलेले असो, नेमलेल्या वेळेपेक्षा अधिक कामाचा मोबदला निदान दुप्पट दराने द्यावा लागतो, आणि त्या संहितेतील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत देखरेखीचे काम करणाराही येतो. तुटीची रक्कम कापायची तर ती त्याच्याच हयगयीने आली असली पाहिजे व त्याला आपली बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे. दुसरीकडे औद्योगिक संबंध संहिता, २०२० देखरेखीचे काम करणाऱ्याला महिना १८,००० रुपयांपेक्षा अधिक वेतन असल्यास ‘कामगार’ मानीत नाही, त्यामुळे कामगाराला तंट्यात मिळणारे संरक्षण त्याच्यापासून दूर जाते. पण नुसत्या नावाने कोणी अधिकारी होत नाही. तो प्रत्यक्ष काय काम करतो ते पाहावे, असे आपल्या न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. अमेरिकेतही २००८ मध्ये एका साखळी दुकानाच्या १,४२४ व्यवस्थापकांना अपील न्यायालयाने जादा कामाचा मोबदला मान्य केला. नावाने ते व्यवस्थापक होते, पण त्यांचा बहुतेक वेळ माल लावण्यात आणि झाडलोटीत जात होता.

विसाव्याचीही गोष्ट तशीच. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या अनेक वर्षांच्या झगड्यानंतर. लोखंडे सत्यशोधक होते, आपल्या मंडळीचे नव्हते. पण चौथ्या आज्ञेत दासदासींना दिलेला विसावा त्यांनी गिरणीच्या दारात मागितला. आज आपल्यातला एखादा भाऊ महिनोन्‌महिने उपासनेस दिसत नाही, तेव्हा त्याचा विश्वास थंडावला असे म्हणण्याआधी त्याच्या दुकानाची वेळ विचारावी.

ह्यावरून प्रत्येकाने आपापल्या जागी काय करावे?

जे धनी आहेत त्यांनी कलस्सै ४:१ वाचून एक वही ठेवावी. तीत सुपरवायझरच्या येण्याजाण्याची वेळही लिहावी. पगार महिन्याचा असला तरी तासांची मर्यादा नेमणुकीच्या कागदावर असावी, आणि गर्दीच्या दिवसांत ती ओलांडली तर मोबदला किंवा बदली सुटी द्यावी.

जे सुपरवायझर आहेत त्यांनी हाताखालच्यांचे तास खरेपणाने लिहावेत. मालकाच्या मर्जीसाठी गरिबाचा अर्धा तास खोडू नये, आणि ओळखीच्या माणसाला न केलेला अर्धा तासही देऊ नये. बढती स्वीकारण्यापूर्वी तास, सुटी व तूट ह्यांविषयी स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने कृतघ्नपणा होत नाही.

आणि मंडळीने? आपल्या मंदिराचा रखवालदार, वसतिगृहाचे अधीक्षक, शाळेतील शिपाई हेही पगारदारच. ‘ही तर देवाची सेवा’ असे म्हणून आपण त्यांच्याकडून किती रात्री घेतो? दुकानदाराला उपदेश करण्यापूर्वी ही वही आपण उघडली पाहिजे.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांना दोन प्रश्न विचारावेत : लाबानाने याकोबाशी केलेल्या वर्तनात कोणकोणत्या चुका होत्या? आणि आपल्या घरातील कमावत्या माणसाचे गेल्या आठवड्यातील तास किती झाले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी विचारून आणावे. कदाचित त्या घरात हा प्रश्न प्रथमच विचारला जाईल.

प्रार्थना : हे प्रभो, आमचे दिवस तुझ्या हाती आहेत. दुसऱ्याच्या आयुष्याचा तास फुकट घेण्यापासून आम्हांस राख, हातात आलेला तास इमानाने वापरण्यास शिकव, आणि रात्री उशिरा कुलूप लावून घरी निघालेल्या प्रत्येकाला सुखरूप पोहोचव. आमेन.