तोंडी आदेश

२०१९ साली पुतण्याने आमच्या ग्रंथालयातील जुन्या संगणकावर डेबियन ही मुक्त प्रणाली बसवून दिली. बिनतारी जोडणीसाठी आणलेला अंगठ्याएवढा यूएसबी तुकडा मी स्वतः खोचला. यंत्राने तो ओळखला, ड्रायव्हरही जागा झाला. पण इंटरनेट काही सुरू होईना. पुतण्याने कर्नलची नोंद उघडली. फर्मवेअर चढवता आले नाही, त्रुटी उणे २. म्हणजे मागितलेली फाइल जागेवर नाही.

अशा कित्येक उपकरणांच्या पोटात त्यांचा कार्यक्रम कायमचा नसतो. उपकरण खोचले की ड्रायव्हर तो संगणकातील ठरावीक फोल्डरातून मागवून त्याच्या स्मृतीत भरतो. फाइल नसेल तर ड्रायव्हर निर्दोष असूनही हतबल. शिवाय ती मिळते इंटरनेटवर, आणि इंटरनेटसाठी तीच हवी! अखेर दुसऱ्या संगणकावरून ती पेनड्राइव्हने आणली, फोल्डरात ठेवली, तुकडा काढून पुन्हा खोचला, तेव्हा कुठे दिवा लुकलुकला.

ही फाइल आधीच का देत नाहीत, असे मी विचारले. उत्तर तांत्रिक नव्हते. फर्मवेअर उत्पादकाचे, त्याची मूळ संहिता तो सहसा दाखवत नाही. आपली प्रणाली संपूर्ण मुक्त राहील, असे वचन डेबियनने १९९७ च्या सामाजिक करारात दिलेले. वचनाला जागायचे तर दारी आलेला माणूस अडतो. गंमत अशी की, हाच कार्यक्रम कारखान्यातच उपकरणात कोरलेला असता तर त्याला फारशी कोणी हरकत घेतली नसती. जे दिसत नाही, ते बाटवत नाही!

वाट मात्र होती. फर्मवेअरसह बनवलेल्या प्रती डेबियनचेच लोक ‘अनधिकृत’ म्हणून एका बाजूला ठेवत. ज्याला ठाऊक, त्याचे काम होई.

हे ऐकून मी चपापलो. नोकरीत असताना एका वृद्धेचे कुटुंब निवृत्तिवेतन एका दाखल्यावाचून अडले होते. तो दाखला देणारे कार्यालय मंजुरीचा आदेश मागे, आणि मंजुरी दाखल्यावाचून नाही. मी लिपिकाला तोंडी सांगून प्रकरण मार्गी लावले. बाईंनी हात जोडले. मला धन्य वाटले. नियम तसाच राहिला, कागदावर काहीच उमटले नाही. माझी बदली झाल्यावर तशीच दुसरी बाई त्याच खिडकीवरून परत गेल्याचे पुढे कानावर आले. तिला परत पाठवणारा लिपिक तोच होता, आणि नियमाने पाहता त्याचे काहीच चुकले नव्हते.

डेबियनने ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांचे मत घेऊन करारातच वाक्य वाढवले: अधिकृत प्रतींत असे फर्मवेअर असू शकेल. २०२३ च्या बाराव्या आवृत्तीपासून ते येऊ लागले. व्रत मोडले, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचे म्हणणे मला पोकळ वाटत नाही. दार एकदा किलकिले झाले की उत्पादकाने आपली संहिता उघडावी, हा रेटा ओसरतो. तरीही मोडले ते सर्वांदेखत, लिहून, तारीख घालून. माझ्या दयेची तारीख कोणत्याही नस्तीत सापडणार नाही.