माग आणि अधिकार

गेल्या हिवाळ्यात एका माजी विद्यार्थ्याने मला कारवारहून होडीने खोल समुद्रात नेले. हौसेने गळ टाकणारे त्याचे मित्रही सोबत होते. एवढ्या अथांग पाण्यात मासा नेमका कुठे आहे हे यांना कळते तरी कसे, असे मी विचारले.

तो म्हणाला, "सर, पक्षी एका जागी सूर मारू लागले, की खाली बारीक मासळी उसळलेली असते. तिच्यामागे सुरमई किंवा कुपा असतोच. गढूळ आणि निळं पाणी मिळतं, त्या रेषेवर फेस, काटक्या साचतात. तिथंही तसंच."

हेमिंग्वेच्या १९५२ च्या कादंबरीतला म्हातारा, पु. ल. देशपांड्यांनी 'एका कोळियाने' म्हणून मराठीत आणलेला, असाच पक्ष्यावरून माग काढतो. पण त्याला पोटाची चिंता होती. आमचे डबे भरलेले होते.

सुरमई गळाला लागली. सर्वांनी टाळ्या वाजवल्या; मीही वाजवल्या.

परतताना मात्र विचार सुटेना. त्या साऱ्या खुणा माशाच्या भुकेच्या होत्या. दुसऱ्याची भूक ओळखता येणे हे ज्ञान खरे. पण तिच्यावरच गळ टाकण्याचा अधिकार त्या ज्ञानातून मिळतो काय?

तीस वर्षे मी मुलांच्या दुबळ्या जागा हेरत आलो. बहुतेकदा त्यांना सावरण्यासाठी. कधी कधी, कबूल करतो, केवळ नमवण्यासाठी. माग काढणे ही विद्या आहे. सापडल्यावर आपण काय करतो, तिथे माणूस ठरतो.