टिकलीचं छिद्र
॥ श्रीगुरवे नमः ॥


उत्सवाच्या पोशाखावर टिकल्या लावायची सेवा आपल्याकडे सुरू आहे. वारासिवनीच्या बाजारातून टिकल्या आणून झाल्या. तेव्हा आज या एवढ्याशा टिकलीवरच चिंतन करू या.

टिकलीला इंग्रजीत सिक्विन म्हणतात. हा शब्द आला व्हेनिसच्या 'झेकिनो' या सोन्याच्या नाण्यावरून, आणि त्याचं मूळ अरबी 'सिक्का'. म्हणजे आपला शिक्काच की! नाण्याला किंमत शिक्क्यामुळे. टिकलीवर शिक्का नाही, मध्ये नुसतं छिद्र. पण छिद्र आहे म्हणून दोरा जातो आणि देवाच्या अंगावर जागा मिळते. 'मी' जिथे रिकामा होतो, तिथूनच सद्गुरू नामाचा दोरा ओवतात.

धातूची टिकली जुन्या पद्धतीने कशी करतात? तार सळईवर गुंडाळायची, कापून कड्या करायच्या, एकेक कडी ठोकून चपटी करायची. घाव सोसल्यावरच ती चमकायच्या कामाची होते. मीनाकारीच्या एका पद्धतीत तर पारदर्शक रंगाखाली सोन्याच्या वर्खाचे बारीक तुकडे ठेवून भट्टीत भाजतात. लोक रंगाचं कौतुक करतात, झळाळी मात्र खालच्या सोन्याची!

आपल्या सेवेतही असं खालचं सोनं पुष्कळ आहे. कोणी महाप्रसादाची भांडी घासते, कोणी पोशाखाच्या उलट्या बाजूला गाठी मारते. ग्रुपवर फोटो आला नाही, यादीत नाव राहिलं, म्हणून काही भगिनी अलीकडे येईनाशा झाल्यात. त्यांना नावं ठेवायची नाहीत, बरं का. कौतुक कोणाला नको असतं? पण कौतुक म्हणजे गोंद. गोंदाने टिकली झटपट चिकटते, नि ऊन-पाणी लागलं की सुटते. दोऱ्याने शिवलेली टिकते, आणि तो दोरा तर समोरून दिसतही नाही.

शिवाय टिकलीला स्वतःचा उजेड कुठे असतो? आरतीची ज्योत समोर आली की ती चमकते. ज्योत त्याची, चमक त्याची. मग आपण रुसायचं कशावर?

या आठवड्याचा संकल्प: एक सेवा अशी करू, जी कोणालाच सांगायची नाही. आणि ज्या भगिनी येत नाहीत, त्यांच्या घरी आपणच जाऊन म्हणू, "ताई, पोशाखात तुमची जागा रिकामी आहे."

जय गुरुदेव 🙏
आपल्या सेवेकरी भगिनी, खैरलांजी