हात धुऊन मागे लागा

हात मिळवताना आपण नुसता हात देत नाही. हातावर जे असेल तेही देतो. आम्हा बँकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे दोन्ही एकदम होतात, पावती मात्र कुणालाच मिळत नाही.

२०१४ साली वेल्समधल्या ॲबरिस्टविथ विद्यापीठात दोघा संशोधकांनी हातमोज्यांवर जंतू माखून हा व्यवहार चक्क मोजला. टाळी देण्यापेक्षा हस्तांदोलनात जवळजवळ दुप्पट जंतू पोचले. मुठीला मूठ टेकवली तेव्हा हस्तांदोलनाच्या सुमारे दहावा हिस्सा! त्याच वर्षी 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात इस्पितळातून हस्तांदोलन हद्दपार करा, असा लेख आला.

हे ऐकून आपली कॉलर ताठ होते. "बघा, आमचा नमस्कार!" कबूल. नमस्कार म्हणजे चेकच. रोकड न हाताळता माया जमा. पण इस्पितळात आपण नमस्कारावर थांबतो थोडेच? आजोबांच्या पायांना हात लावायचा, त्याच हाताने शेजारच्या बाळाचा गालगुच्चा घ्यायचा आणि वर म्हणायचे, "अगदी आजोबांवर गेलाय हो!" आजोबांचे सगळेच त्याच्यावर जाऊ नये, म्हणजे मिळवली.

मग स्पर्शच बंद करावा काय? छे! ऑपरेशनला निघालेल्या माणसाचा हात कुणीतरी धरायलाच हवा. प्रश्न एवढाच, की तो स्पर्श कुणासाठी? आपली माया चारचौघांत दिसावी म्हणून असेल, तर दारातूनच हात जोडावेत. त्याला धीर यावा म्हणून असेल, तर आधी हात धुवावेत.

पण नर्सबाई "काका, हात धुऊन या" म्हणाल्या की काकांचा अपमान होतो. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस डॉक्टरांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले. बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, तरी आपल्याच हातांवरचा आरोप बऱ्याच डॉक्टरांना रुचला नाही. आमच्या काउंटरवरही सही ताडून पाहिली की जुने खातेदार भडकतात, "मला ओळखत नाही?" ओळखतो हो! पण सही ताडतो ती तुमच्याच पैशांच्या काळजीने. नर्सबाईंचेही तसेच.

एखाद्याच्या 'हात धुऊन मागे लागणे' ही आपल्याकडे तक्रार समजतात. इस्पितळात मायेने खुशाल मागे लागावे. फक्त त्यातले पहिले दोन शब्द विसरू नयेत.