आश्रयनगराची वेस



दोघे शेजारी लाकडे तोडायला रानात गेले. एकाने कुऱ्हाड उगारली, तिचे पाते दांड्यातून निसटले आणि दुसऱ्याला लागून तो मेला. दोघांत कधी वैर नव्हते. हा दाखला बायबलमध्ये, अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायात दिलेला आहे. एक जीव गेला, हे खरे. पण कुऱ्हाड चालवणारा खुनी ठरतो का?

त्या काळी मेलेल्याचा जवळचा नातलग रक्ताचा सूड घेत असे. त्याच्या डोक्यात आग असायची. हेतू कोणता, अपघात कोणता, याचा विचार करायला त्याला उसंत कुठली? म्हणून परमेश्वराने सहा आश्रयनगरे राखून ठेवायला सांगितली : यार्देनेच्या पश्चिमेला केदेश, शखेम व हेब्रोन आणि पूर्वेला बेसेर, रामोथ व गोलान (यहोशवा २०). ज्याच्या हातून नकळत मनुष्यहत्या झाली, त्याने तिकडे धाव घ्यायची. तिकडे जाणारे रस्ते नीट राखायचे, अशी आज्ञा होती. नगराच्या वेशीवर वडीलधाऱ्यांनी त्याचे म्हणणे ऐकायचे, त्याला आत घ्यायचे आणि राहायला जागा द्यायची. पुढे मंडळीसमोर त्याचा न्याय व्हायचा. ही सोय परदेशी माणसालाही होती.

मात्र ज्याने कपटाने, ठरवून जीव घेतला असेल, त्याला माझ्या वेदीपासूनही ओढून न्या, असे निर्गमाच्या पुस्तकात देवच सांगतो. देवाची दया आंधळी नाही. तो माणसाचा हात पाहतो आणि हातामागचे मनही पाहतो.

आपल्या देशाचा कायदाही मनाचा विचार करतो. १८६० च्या भारतीय दंड संहितेत 'सर्वसाधारण अपवाद' नावाचे स्वतंत्र प्रकरण होते. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्यातही कलम १४ ते ४४ मध्ये हे प्रकरण आहे. सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलाला पुरेशी समज आली होती का, हे पाहिले जाते. मनाच्या आजारामुळे ज्याला आपण काय करतो आहोत किंवा ते वाईट आहे हेच कळत नव्हते, तो गुन्हेगार ठरत नाही. कायदेशीर काम योग्य ती काळजी घेऊन करताना, वाईट हेतू नसताना घडलेला अपघात हा गुन्हा नाही. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी मर्यादेत राहून केलेला प्रतिकारही गुन्हा नाही.

ख्रिस्तसभेचा कॅनन कायदा याच वाटेने जातो. ज्याची सोळा वर्षे पूर्ण झालेली नाहीत, जो स्वतःचा दोष नसताना अज्ञानात होता, ज्याच्यावर शारीरिक बळजबरी झाली, ज्याची विचारशक्तीच चालत नव्हती, अशांना कॅनन १३२३ शिक्षेतून वगळतो. पापाविषयी आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात काय शिकलो? महापाप घडायला तीन गोष्टी लागतात : बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे याची पूर्ण जाणीव हवी आणि मनाची पुरती संमती हवी. यातली एक जरी नसली तरी ते महापाप होत नाही.

कोणी म्हणेल, "फादर, मग सगळेच सुटतील!" तसे नाही. आपखुशीने दारू प्यालेल्याला कायदा नशेच्या आड लपू देत नाही. फसवून किंवा जबरदस्तीने पाजली असेल, तर गोष्ट वेगळी. "मला कायदा ठाऊक नव्हता," ही सबब चालत नाही. जिवाच्या धमकीमुळे केलेली अनेक कृत्ये कायदा गुन्हा मानत नाही, पण खून त्यात बसत नाही. आपला जीव वाचवण्यासाठी निरपराध माणसाचा जीव घेता येत नाही. एदेन बागेत आदामाने हव्वेकडे बोट दाखवले आणि हव्वेने सापाकडे. देवाने दोघांचेही ऐकले, पण कोणाचीही सबब मानली नाही.

म्हणून पापनिवेदनाला जाताना स्वतःची कसून तपासणी करावी आणि शेजाऱ्याचा विचार करताना त्याची बाजू पुरती ऐकावी. आपण बहुधा उलट करतो. स्वतःसाठी वकील होतो आणि दुसऱ्यासाठी न्यायाधीश!

बंधुभगिनींनो, आज रक्ताचा सूड घेणारा तलवार घेऊन येत नाही. तो जिभेवर बसून येतो. समजा, एखादा ड्रायव्हर सावकाश गाडी चालवत होता आणि अचानक एक मूल आडवे धावले. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. पण आळीतून जाताना त्याच्या पाठीमागे काय कुजबुज होते? मानसिक आजाराच्या भरात कोणाच्या हातून काही विपरीत घडले, तर त्याच्या बहिणीचे लग्न जमवताना आपण काय बोलतो? न्यायाधीशाने सोडलेल्या माणसाला गाव सोडत नाही.

आत्महत्येने माणूस गमावलेल्या घरांचे दुःख तर फार खोल असते. १९१७ च्या कॅनन कायद्यात, जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९८३ च्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. तीव्र मानसिक आजार, यातना किंवा भीती यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. त्याच्या तारणाची आशा सोडू नका, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असेही ती सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते. त्याला शिक्षा न करता उपचार व आधार द्यायचा असतो. ख्रिस्तसभेने वेस उघडली, सरकारनेही उघडली. मग मयताच्या दारात उभे राहून "तो आता नरकात गेला" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

आणखी एक माणूस आहे. त्याला कायद्याने सोडले, गावानेही सोडले, पण त्याचे मन त्याला सोडत नाही. रात्री डोळा मिटला की तोच क्षण पुढे येतो. त्याच्यासाठी गणनेच्या पस्तिसाव्या अध्यायात एक सुंदर तरतूद आहे. प्रमुख याजकाचा मृत्यू झाला, की आश्रयनगरातला माणूस मोकळा होऊन आपल्या घरी परत जाई. आपला प्रमुख याजक, प्रभू येशू ख्रिस्त, शुभ शुक्रवारी क्रुसावर मरण पावला आहे! मरताना त्याने आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांचीही बाजू पित्यापुढे मांडली. आपण काय करतो आहोत हे त्यांना कळत नाही, असे सांगून त्यांच्यासाठी क्षमा मागितली. तेव्हा अशा जिवाने धर्मगुरूंकडे यावे, मन मोकळे करावे, गरज असेल तर डॉक्टरांची मदतही घ्यावी. आता घरी परतायला हरकत नाही.

या आठवड्यात आपल्या वाडीतले असे एखादे घर आठवा, जिथे लोक जायचे थांबले आहेत. तिथे जा. काय घडले, ते विचारू नका. चहा घ्या, थोडे बसा. आश्रयनगराचा रस्ता नीट राखायचा, तो असाच. आपला धर्मग्राम असे आश्रयनगर व्हावा, ही कृपा प्रभू आपल्याला देवो. आमेन.