परनगरीत एकटा माणूस

देशाटनाने दृष्टी विस्तारते, अनुभव वाढतो व मनुष्य बहुश्रुत होतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खोटेही नाही. परंतु हेच देशाटन परदेशात, सोबतीस कोणी न घेता केले, तर त्यातून एक असा प्रश्न उभा राहतो की, जो बहुश्रुतपणाचा नसून नीतीचा आहे. जेथे आपणांस एकही मनुष्य ओळखत नाही, तेथे आपण कसे वागतो? आणि नीट वागलो, तर ते कशासाठी? मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलेमुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी, किंबहुना केवळ हौसेसाठीही एकेकटी देशोदेशींची शहरे हिंडू लागली आहेत. तेव्हा हा प्रश्न तत्त्वज्ञांपुरता राहिलेला नाही. तो घरोघरच्या आईबापांच्या काळजीचा विषय झाला आहे.

आम्ही ज्या पाटणात राहतो, ते कोयना व केरा या नद्यांच्या संगमावरचे, कऱ्हाडहून चिपळूणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एक लहानसे गाव आहे. अशा गावात मनुष्य एकटा असा कधी नसतोच. पेठेतून जाणाऱ्या पोराला कोणीही वडीलधारा मनुष्य थांबवून "कुणाचा रे तू?" असे विचारतो, आणि उत्तर मिळताच त्या पोराच्या तीन पिढ्या त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. या ओळखीवर दुकानदार उधारी देतो, अडल्या वेळी शेजारी धावून येतो. आणि याच ओळखीच्या धाकाने विडी ओढणारा पोरगा चुलत्याची चाहूल लागताच ती पायाखाली चुरडतो. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात आमच्या भागातील माणसे मुंबईस गेली, ती देखील एकटी गेली नाहीत. गिरणगावात एकेका गावाच्या खोल्या असत. त्यांत गावचीच माणसे दाटीने राहत, आणि कोण कसा वागतो याची बातमी पत्रातून किंवा सुट्टीवर येणाऱ्याच्या तोंडून गावी पोहोचे. गावाचा असा डोळा ज्याच्यावर सदैव आहे, त्याच्या सद्वर्तनात त्याचे स्वतःचे किती व गावाचे किती, हे ठरविणे कठीण असते.

हा संशय नवा नाही. सुमारे २४०० वर्षांपूर्वी प्लेटोने आपल्या 'रिपब्लिक' या ग्रंथात गायजीस नावाच्या मेंढपाळाची कथा घातली आहे. त्याला एक अंगठी सापडली. तिचा खडा तळहाताकडे फिरविला की तो अदृश्य होई. या अंगठीच्या बळावर त्याने राणीस वश केले, राजाचा वध केला आणि राज्य बळकावले. ग्रंथातील ग्लाउकॉन विचारतो की, अशा दोन अंगठ्या असत्या आणि एक सज्जनास व दुसरी दुर्जनास दिली असती, तर त्या दोघांच्या वर्तनात काही अंतर राहिले असते काय? परदेशातील शहरात एकट्याने उतरणाऱ्याच्या बोटात ही अंगठी आपोआप येते. तो लोकांस दिसत नाही असे नव्हे. वर्णामुळे व पेहरावामुळे तो उलट अधिकच डोळ्यांत भरतो. परंतु तो कोणाचा कोण, हे मात्र कोणासही दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही जर्मनीतील बर्लिन, ड्रेस्डेन व म्यूनिक ही शहरे एकट्यानेच पाहिली. दिवसभर संग्रहालये व रस्ते पायी तुडवावेत आणि सायंकाळी खाणावळीच्या कोपऱ्यात बसून जेवावे, असा क्रम होता. दोन-दोन दिवस आमचे नाव कोणाच्या तोंडून आमच्या कानी पडत नसे. बर्लिनच्या भुयारी रेल्वेच्या स्थानकांत फाटक नाही. तिकीट काढायचे, फलाटावरील यंत्रात घालून त्यावर आपल्याच हाताने शिक्का उमटवायचा आणि गाडीत बसायचे. तपासनीस साध्या वेशात कधी येतो, कधी येतही नाही. आम्ही प्रत्येक वेळी तिकीट काढले. परंतु गाडीत बसल्यावर, आपण ते का काढले, असे मनास विचारू लागलो. पहिले उत्तर आले, तपासनीसाच्या भयाने. दुसरे आले, परक्या मुलुखात भारतीयांची अब्रू जाऊ नये म्हणून. तिसरे उत्तर येण्यास अंमळ वेळ लागला. ते असे की, ही गाडी सर्वांच्या पैशाने चालते, आणि तीत फुकट बसणे म्हणजे समोर बसलेल्या वृद्धेच्या पिशवीतून नाणे काढून घेण्यासारखेच आहे. पहिली दोन उत्तरे म्हणजे रूप बदलून आलेला गावाचा डोळाच होय. निर्भेळ नीतीचे उत्तर तेवढे तिसरे.

कांटने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात दुकानदाराचे उदाहरण घेऊन नेमका हाच भेद दाखविला आहे. लहान मुलासही योग्य भावाने माल देणारा दुकानदार प्रामाणिकपणे वागतो खरा. पण ते गिऱ्हाईक टिकावे म्हणून की तसे वागणे कर्तव्य आहे म्हणून, यावर त्या वागण्याचे मोल अवलंबून आहे. हा कांट जन्मभर आपल्या प्रांताबाहेर पडला नाही. त्याला हा भेद घरी बसून विचाराने सापडला. आमच्यासारख्या सामान्यांस तो सापडण्यासाठी कधी कधी प्रवासभाडे खर्च करावे लागते.

येथवर वाचून कोणी असा समज करून घेईल की, गावाचा डोळा हा नीतीचा कच्चा पण चांगला रक्षक आहे, आणि त्याच्या पहाऱ्यातून सुटणे एवढेच परदेशातील भय आहे. आम्हांस तसे वाटत नाही. हा रक्षक निष्ठावंत असेल, पण त्याला चोर व पाहुणा यांतला फरक कळत नाही. १८९० साली पुण्यास पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानास हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य माजले, आणि न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्या पुरुषांसही अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका पेल्याला पातकाची प्रतिष्ठा मिळाली. आणि त्याच शहरात बालविधवांची जी उपेक्षा चालली होती, तिच्याबद्दल मात्र ग्रामण्याची आवश्यकता कोणास वाटली नाही. स्त्रियांच्या बाबतीत हा डोळा अधिकच कठोर असतो. एकट्या मुलीने सायंकाळी नदीकाठी स्वस्थ बसावे किंवा खाणावळीत एकटीने जेवावे, यात कोणाचा कसला अपराध आहे? तरीही आमच्याकडे ती चर्चेचा विषय होते. या साध्या गोष्टी तिला प्रथम परक्या शहरात करावयास मिळाल्या, तर तेथे तिची नीती सुटली असे नव्हे. केवळ पहारा सुटला.

ज्या गोपाळराव जोशी यांनी त्या चहापानाचा घाट घातला, त्यांच्याच पत्नी आनंदीबाई त्यापूर्वी सात वर्षे, म्हणजे १८८३ च्या एप्रिलात, कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या होत्या. वय अठरा, बरोबर आप्तांपैकी कोणी नाही. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथे भाषण करून आपण का जातो हे त्यांनी लोकांस सांगितले, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येण्याचा निर्धार प्रकट केला. फिलाडेल्फियाच्या थंडीत साडी व शाकाहार संभाळून त्यांनी १८८६ साली वैद्यकीची पदवी मिळविली. पाहणारे कोणी नसताना त्यांनी हे पाळले. म्हणून ते आता रूढीचे बंधन राहिले नव्हते. दिलेला शब्द झाले होते. वस्तू तीच, परंतु तिचे मोल पालटले.

दुसरे उदाहरण इरावतीबाई कर्वे यांचे. १९२८ साली त्या बर्लिनला संशोधनासाठी गेल्या. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक युजेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे होते, आणि बाईंना विषय मिळाला तो माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेचा. वंशावंशांत या बाबतीत भेद निघावा, ही गुरूंची अपेक्षा. बाईंच्या मोजमापांतून तो निघाला नाही, आणि निघाला नाही असेच त्यांनी लिहिले. परक्या देशातील एकट्या विद्यार्थिनीने गुरूला रुचेल तो निष्कर्ष लिहिला असता, तर पुण्यात ते कोणास कळणार होते? गावाचा डोळा तेथे पोहोचत नव्हता, आणि जो डोळा तेथे होता तो उलट दिशेस ओढत होता. तेथे त्यांच्या कामी आले ते केवळ त्यांचे स्वतःचे सत्य.

तिसरे उदाहरण अधिक बिकट आहे. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी यांना मागे ठेवून बुद्धाच्या धर्माच्या शोधार्थ घराबाहेर पडले. नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असे ते एकटे फिरले, आणि कोलंबोस त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली. त्यांच्या विद्वत्तेचा लाभ पुढे साऱ्या महाराष्ट्रास झाला. तथापि मागे राहिलेल्या माणसांचा हिशेब त्या लाभाने चुकता होतो, असे आम्ही म्हणणार नाही. एकट्याच्या प्रवासाची किंमत पुष्कळदा घरी राहिलेली माणसे भरीत असतात. परंतु 'निवेदन' या आत्मकथेत कोसंबींनी आपले घर सोडणे झाकून ठेवले नाही. जे केले ते, लोक आपणांस बोल लावतील हे जाणूनही, त्यांनी सांगितले.

या तिघांचे वर्तन भिन्न आहे. एकीने घरचे नियम राखले, दुसरीने गुरूची अपेक्षा मोडली, तिसऱ्याने धर्ममार्गच बदलला. यावरून असे दिसते की, परदेशात मनुष्य बदलला की बिघडला, आणि न बदलता आला की शाबूत राहिला, ही आमच्या घरांतील कसोटी कुचकामाची आहे. परनगरीतील एकटेपणा ही एक चाळणी आहे. केवळ लोकांसाठी पाळलेले ते तिच्यातून खाली पडते. स्वतःचे असते ते वर उरते. आणि काय पडले व काय उरले, हे घरी परतल्यावर उघडपणे सांगण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्याविषयी चिंता करण्याचे कारण नाही. यावर कोणी म्हणेल की, सांगणे म्हणजे पुन्हा गावाच्या डोळ्यापुढेच उभे राहणे. तसे नाही. लोकनिंदेला भिणारा लपवितो. सांगणारा ती निंदा अंगावर घेतो. प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सांगितलीच पाहिजे, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु लपविल्याशिवाय जी करता येत नाही, त्या गोष्टीकडे मनुष्याने स्वतःच दोनदा पाहावे.

आता तर हे एकटेपणही दुर्मिळ झाले आहे. बर्लिनच्या चौकात उभा असलेला तरुण त्याच क्षणी आपले छायाचित्र पाटणास धाडतो, आणि जेवणाच्या ताटासह त्याची दिनचर्या आत्या-मामांच्या भ्रमणध्वनीवर झळकते. आईबापांस यामुळे स्वस्थता लाभते, हे आम्ही जाणतो. संकटसमयी या यंत्राचा उपयोगही मोठा आहे. परंतु त्यामुळे गिरणगावातील त्या खोलीसारखेच गाव खिशात बसून परदेशी जाते, आणि चाळणी हलतच नाही. दिवसातून एकदा खुशाली कळवावी व उरलेला दिवस मुलास किंवा मुलीस त्या अनोळखी शहराच्या स्वाधीन राहू द्यावे, एवढे धैर्य पालकांनी दाखविणे आम्हांस इष्ट वाटते.

मुलांना निरोप देताना आपण "घराण्याचे नाव राख" असे सांगतो. जेथे ते नाव कोणासही ठाऊक नाही, तेथे या उपदेशाचा उपयोग फार वेळ होत नाही. त्याऐवजी निघण्यापूर्वीच्या एखाद्या सायंकाळी त्यांच्याजवळ बसावे, आणि आपल्या घरात जे नियम पाळले जातात त्यांतले कोणते लोकांच्या भिडेने व कोणते खरोखर मनापासून, हे प्रामाणिकपणे सांगावे. हे सांगणे सोपे नाही. कारण त्यासाठी ती चाळणी प्रथम आपण स्वतः, घरी बसून, आपल्या हातात घ्यावी लागते.